एस्पोझितो, नांदगावकर आणि रास अल खैमाचे दोन दिवस

आम्ही रास अल खैमाला गेलो ते एका फरशीमुळे. हो, फरशीच. घराला लावतात ती.

दुबईहून रास अल खैमाला कसं जायचं, कुठे राहायचं, दोन दिवस पुरतात का, असं बरेच जण विचारतात, म्हणून हे लिहायला घेतलं. पण आधीच सांगते, ही नुसती रस्त्याची आणि हॉटेलची पोस्ट नाही. माझ्या लेकीची, जुईची, यात मोठी भूमिका आहे. तिला पूर्ण वाचून दाखवली. तिने दोन वाक्यं कापली, एका ठिकाणी 'आई, यू आर सो ड्रामॅटिक' असं म्हणाली आणि मग परवानगी दिली.

तर २००९ चा मार्च. आम्ही तेव्हा दुबईच्या अल कुसैस भागात राहायचो. मी तिथल्याच एका टाइल्स विकणाऱ्या कंपनीत ऑर्डर्स आणि कागदपत्रं बघायचे. वर्षभरापूर्वी आमच्याकडे फोन खाली ठेवायला फुरसत नसायची. टॉवरच्या टॉवर उभे राहत होते, प्रत्येकाला फरशी हवी होती. आणि आता फोन वाजला की समजायचं, कुणीतरी ऑर्डर कॅन्सल करतंय. माझा नवरा संदीप बांधकाम कंपनीत इंजिनीअर. त्याचा प्रोजेक्ट चौदाव्या मजल्यावर थांबला तो थांबलाच. फेब्रुवारीत त्याच्या हातात पत्र पडलं: जूनपर्यंत नोकरी, मग खलास. ठाण्याला परत जायचं ठरलं. रडारड झाली, मग आवराआवर सुरू झाली.

आमच्या कंपनीला माल यायचा रास अल खैमाच्या एका कारखान्यातून. तिथे भट्टी सांभाळणारे एक इटालियन गृहस्थ होते, जेन्नारो एस्पोझितो. वय साठीच्या आसपास, आवाज मोठा, इंग्रजी माझ्या सासूबाईंच्या हिंदीइतकं, म्हणजे मोडकंतोडकं. ऑफिसात सगळे त्यांना 'मिस्टर एक्स्पो' म्हणायचे. एखादी बॅच वाकडी निघाली की मी फोनवर भांडायचे आणि ते 'सिन्योरा, सिन्योरा' करत मला गार करायचे. चार वर्षं आम्ही असे भांडलो. कधीतरी मधेच ते जुईची चौकशी करायचे, मी त्यांच्या नातवंडांची. मार्चमध्ये त्यांची भट्टी बंद झाली आणि तेही नेपल्सला परत निघाले. जाण्याआधी एका शुक्रवारी जेवायला या, सगळ्यांना घेऊन या, असा त्यांचा निरोप आला.

रिकाम्या हाताने कसं जायचं? मी आमच्या डिझाइनवाल्याला धरून एका पांढऱ्या टाइलवर त्यांचं नाव भाजून घेतलं. निळ्या अक्षरात, कडेला लिंबाची पानं. मला वाटलं, काय झकास भेट सुचली! त्या टाइलवर मी एक घोळ घातलाय, हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. जुई आमच्या पोटची नाही. ती तीन महिन्यांची असताना पुण्याच्या एका संस्थेतून आम्ही तिला घरी आणलं. आणि साडेदहा वर्षांची झाली तरी आम्ही तिला हे सांगितलं नव्हतं. सांगू सांगू म्हणत राहून गेलं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मला भीती वाटायची. ती मला 'तू माझी खरी आई नाहीस' म्हणाली तर मी काय करेन, या विचाराने मी दर वेळी विषय बदलायचे. माझ्या सासूबाई, म्हणजे जुईची आजी, तर या विषयावर दारच लावून घ्यायच्या. 'मी असेपर्यंत नाही,' एवढंच म्हणायच्या. पण ठाण्याच्या शाळेने प्रवेशासाठी सगळी मूळ कागदपत्रं मागितली होती आणि त्यात दत्तकाचा कोर्टाचा आदेश होता. आमची जुई समोर आलेला प्रत्येक कागद वाचते, अगदी बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजूसुद्धा. कागदातून कळण्याआधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. मी मनाशी ठरवलं, या सहलीतच सांगायचं. संदीपला सांगितलं. आजीला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेआठला निघालो. संदीप, मी, जुई आणि तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आलेली आजी. आजीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, कारण इटालियन माणसाच्या घरी काय मिळेल याचा भरवसा नव्हता. "यल्ला, यल्ला, पटापट बसा," असं संदीप ओरडला आणि सवयीप्रमाणे स्वतःच चष्मा विसरून वर परत गेला.

रस्ता अगदी सोपा आहे. अल कुसैसहून शारजाची हद्द पार करून एमिरेट्स रोडला लागायचं आणि सरळ उत्तरेला जात राहायचं. शुक्रवारी सकाळी निघा, म्हणजे शारजाची गर्दी लागत नाही. शंभरेक किलोमीटर, सव्वा तास. टाकी भरली तेव्हा सत्तर दिरहम झाले. "म्हणजे नऊशे ऐंशी रुपये," असं आजीने लगेच जाहीर केलं. तिला इथे येऊन महिना झाला होता आणि चौदाचा पाढा तिला आमच्यापेक्षा चोख यायचा.

शारजा संपलं की दोन्ही बाजूंना वाळू सुरू होते, आधी पिवळट, मग लालसर. त्या वर्षी रस्त्याकडेला मोठमोठे बोर्ड उभे होते, नवीन वसाहतींचे, तळ्यांचे, हिरवळीचे. बोर्डामागे नुसती वाळू. संदीप प्रत्येक बोर्ड पाहून 'हा पण थांबला' म्हणत होता. चौथ्या बोर्डाला मी त्याला गप्प बसवलं.

उम्म अल कुवैनच्या पुढे एक मल्याळी कॅफेटेरिया आहे. गाडी उभी करून हॉर्न वाजवला की चहा गाडीपाशी येतो. चहा एक दिरहम, वेलची भरपूर. आजीने चौदा रुपयांच्या चहाला नाक मुरडलं आणि मग दुसरा मागवला. जुई मागे बसून पुस्तक वाचत होती. मी आरशात तिच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात भाषण पाठ करत होते. 'बाळा, काही मुलं पोटातून येतात आणि काही...' शी! कुठल्यातरी मासिकातलं वाटत होतं. परत पहिल्यापासून.

रास अल खैमात शिरलं की समोर एकदम डोंगर येतात, करडे, उघडे, फार उंच. दुबईत राहून डोंगराची सवय मोडलेली असते, त्यामुळे बघतच राहतो आपण. गावाच्या मधून खाडी आत येते आणि तिच्या कडेने कांदळवन आहे. आजीला एकदम ठाण्याची खाडी आठवली. "वास मात्र नाही," असं म्हणाली, जरा निराश होऊनच.

एस्पोझितोंचा फ्लॅट या खाडीसमोरच होता. खोकी बांधून झाली होती, भिंतींवर चौकटींचे डाग तेवढे उरले होते. त्यांनी आजीला वाकून नमस्कार केला, बहुतेक कुठल्या तरी हिंदी सिनेमात पाहिलेला. मी फोनवर चार वेळा बजावलं होतं, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. त्यांनी वांग्याच्या चकत्या तळून, त्यावर टोमॅटो आणि चीज घालून भाजलं होतं. आजीने घास घेतला, विचार केला आणि म्हणाली, "भरीतच आहे. उगाच थर लावलेत." पण दोनदा घेतलं. एस्पोझितोंनी आजीची शेंगदाण्याची चटणी चमचाभर तोंडात टाकली आणि खोकत खोकत 'बेल्ला, बेल्ला' म्हणत पाणी प्यायले. जुई इतकी हसली की तिला उचकी लागली.

जेवण झाल्यावर मी टाइल काढून दिली. त्यांनी कागद सोडला, वाचलं आणि मधल्या शब्दावर बोट ठेवलं. मला वाटलं, स्पेलिंग चुकलं. 'जेन्नारो अँतोनियो एस्पोझितो' असं त्यावर लिहिलेलं होतं.

"अँतोनियो?" त्यांनी विचारलं. "हा माझा बाप."

"हो, तुमच्या व्हिसाच्या कागदावर वडिलांचं नाव वाचलं होतं मी," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझी ट्यूब पेटली. इटालियन माणसं वडिलांचं नाव मधे लावत नाहीत! आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव, हे इतकं अंगवळणी पडलंय की मी काही विचार न करता त्यांच्या बापाला मधे बसवून टाकला होता. मी सॉरी सॉरी करायला लागले.

"नो, नो, सिन्योरा." त्यांनी टाइल छातीशी धरली. त्यांचे डोळे चक्क भरले होते. "आमच्या नावात बाप घालणारी तूच पहिली. एस्पोझितोला बाप नसतो."

मग त्यांनी आडनावाची गोष्ट सांगितली. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत. मी तुम्हाला सरळ मराठीत सांगते.

नेपल्समध्ये पूर्वी एका चर्चला लागून अनाथ मुलांचं घर होतं. त्याच्या भिंतीत एक लाकडी पिंप बसवलेलं असायचं, गोल फिरणारं. ते कसं, हे दाखवायला त्यांनी टेबलावरचं रिकामं सॅलडचं भांडं हाताने फिरवलं. ज्या आईला मूल सांभाळता येणार नाही, तिने बाहेरून ते पिंपात ठेवायचं, फिरवायचं आणि घंटा वाजवायची. आतल्या बाजूला चर्चच्या नन मूल उचलून घ्यायच्या. कोण ठेवून गेलं ते कुणी विचारायचं नाही, बघायचंही नाही. मग वहीत नोंद व्हायची. मूल किती दिवसांचं, अंगावर कपडे कोणते, सोबत काही खूण आहे का. आणि आडनाव? ते सगळ्यांना एकच मिळायचं, एस्पोझितो. जुन्या भाषेत त्याचा अर्थ, बाहेर ठेवलेला.

त्यांच्या खापरपणजोबांच्या वडिलांची नोंद त्यांनी स्वतः तिथे जाऊन वाचली होती. त्यांना ती तोंडपाठ होती. मुलगा, पंधरा दिवसांचा, चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला, गळ्यात अर्धं तोडलेलं पदक. पदकाचा दुसरा अर्धा भाग आईकडे असणार. कधी परत आली तर दोन तुकडे जुळवून मूल ओळखायचं.

"आली का ती परत?" जुईने विचारलं.

"नाही आली," ते म्हणाले. "पण तिने अर्धं जपून ठेवलं असणार. मी असंच धरतो."

पुढे सरकारने हे आडनाव द्यायला बंदी केली, कारण नाव ऐकताच लोकांना कळायचं आणि मुलांना आयुष्यभर टोचून खायचे. ज्यांना आडनाव बदलायचं होतं त्यांनी बदललं. त्यांच्या आजोबांना पण लोकांनी सुचवलं होतं. आजोबा म्हणाले, हे नाव घेऊन चार पिढ्या जगल्या, भाकरी खाल्ली, लग्नं केली, आता ते आमचं आहे. "आज नेपल्समध्ये फोनची डिरेक्टरी उघड," एस्पोझितो म्हणाले. "पानंच्या पानं आम्हीच. डॉक्टर आम्ही, जज्ज आम्ही, चोर पण आम्ही!"

आजीला यातलं काही कळत नव्हतं. ती मघापासून माझी बाही ओढत होती. "काय म्हणतोय गं तो? का रडतोय?"

आणि माझं तोंडच उघडेना. मराठीत अशा मुलाला आपण काय म्हणतो? 'टाकलेलं मूल.' लहानपणापासून ऐकलेला शब्द. तो माझ्या जिभेवर आला आणि समोर जुई बसली होती. मी टेबलावरचे तुकडे गोळा करायला लागले. संदीपने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर.

तेवढ्यात जुईनेच भाषांतर केलं. तिचं मराठी घरापुरतं, त्यातही अर्धं इंग्रजी. "आजी, त्यांच्या आजोबांच्या आजोबांच्या बाबांना त्यांच्या मम्मीने बाहेर ठेवलं होतं. व्हील होतं. मग बेल वाजवली, म्हणजे आतले लोक लगेच येतील."

"टाकलं होतं?" आजी म्हणाली.

"नाही गं. ठेवलं. टाकलं तर बेल कशाला वाजवेल?"

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

जेवणानंतर संदीप आणि एस्पोझितो खोकी खाली नेऊन ठेवायला लागले. आम्ही तिघी खाडीच्या कडेला फिरायला गेलो. तिथे बसायला बाक आहेत, संध्याकाळी छान वारा असतो. बगळे होते, लांब पाण्यात गुलाबी फ्लेमिंगो पण दिसतात, दुर्बीण असेल तर न्या. जुई बाकावर मधे बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, बेल वाजवून ती मम्मी कुठे गेली असेल? कोपऱ्यावर थांबली असेल ना, बघायला?"

पाठ केलेलं सगळं भाषण मी विसरले. मी म्हणाले, "जुई, तू पण अशीच आलीस आमच्याकडे. माझ्या पोटातून नाही. पुण्याच्या एका संस्थेतून. तीन महिन्यांची होतीस. तुला कुणी ठेवलं ते आम्हाला माहीत नाही. आम्हाला फक्त तू माहीत आहेस."

आजी म्हणाली, "अगं, काय हे!" आणि तिने तोंडावर हात ठेवला.

जुई पाण्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "डॅडी नोज?"

मला हसू आलं आणि रडूही. "हो गं राणी, बाबाला पण माहीत आहे."

"आजी नोज?"

आजीने मान हलवली.

"सो एव्हरीवन न्यू. एक्सेप्ट मी."

  मी सॉरी म्हणाले. तिचा हात धरायला गेले तर तिने काढून घेतला. रागाने नाही, हळूच. रागाने काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळाने ती आजीकडे वळली आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "म्हणजे आजी, मी पण ठेवलेली आहे."

मराठी वाचकांना सांगायला नको. आजी बाकावरून उठलीच. "अगं बाई! असं बोलू नये! बाईमाणसाला ठेवलेली म्हणत नाहीत!"

"का? मघाशी तर मीच म्हणाले ठेवलेला!"

"तो ठेवलेला. तू ठेवलेली नाही म्हणायचं. ठेवलेली म्हणजे... जाऊ दे. मोठी झालीस की कळेल." आणि इतकं सगळं चाललेलं असताना मी हसत सुटले. आवरेचना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आजी मला रागावली, मग तिलाही हसू फुटलं. जुई आम्हा दोघींकडे वेड लागल्यासारखं बघत होती.

मग आजी परत बसली. जुईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "ठेव म्हण. तू ठेव आहेस. ठेव म्हणजे काय, तर आपल्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू. ती कुणी रस्त्यावर टाकत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडेच ठेवतात."

साडेदहा वर्षं 'मी असेपर्यंत नाही' म्हणणारी बाई हे बोलत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले.

एस्पोझितोंचा निरोप घेताना त्यांनी जुईच्या डोक्यावर हात ठेवला. आमचे चेहरे बघून त्यांना काय कळलं कोण जाणे. मी काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. टाइल मात्र त्यांनी खोक्यात न भरता हातातल्या बॅगेत टाकली.

मुक्काम कॉर्निशजवळच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यालगतच्या, एका छोट्या हॉटेलात केला. मंदीमुळे दर निम्म्यावर आले होते, मोठी खोली सव्वादोनशे दिरहमला मिळाली, नाश्त्यासकट. आजीचा हिशेब, तीन हजार दीडशे रुपये. त्या काळात फिरणाऱ्यांची चैन होती, एवढं खरं. खोली स्वच्छ, गाद्या जरा टणक. जुई आजीच्या कुशीत शिरून झोपली, माझ्याकडे पाठ करून.

शनिवारी सकाळी खत्तच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलो. गावापासून अर्धा तास, डोंगराच्या पायथ्याशी. बायकांची आणि पुरुषांची सोय वेगळी, माणशी पंचवीस दिरहम घेतले. टॉवेल घरून न्या, तिथे भाड्याने मिळतो त्याने अंग पुसायची इच्छा होत नाही. आजीला फार आवडलं. "वज्रेश्वरीसारखंच," असं ती तीनदा म्हणाली. तिथल्या एका वयस्कर अरब बाईने तिला हातवाऱ्यांनी गुडघे कसे शेकायचे ते शिकवलं आणि दोघी अर्धा तास एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत बसल्या. जुई पाण्यात पाय सोडून बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती उठून गेली नाही, पण बोललीही नाही. मी तिला टॉवेल दिला तेव्हा 'थँक यू' म्हणाली. घरात आम्ही कधी एकमेकींना थँक यू म्हणत नाही. ते दोन शब्द मला फार लागले.

परतीच्या वाटेवर जझीरत अल हमरा आहे. मासेमारांचं जुनं गाव, आता कुणी राहत नाही. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधलेल्या भिंती, मशीद, पडके दरवाजे. तिकीट नाही, फाटक नाही, सरळ आत चालत जाता येतं. पायात बूट असू द्या आणि दुपार टाळा. आम्ही अर्धा तास फिरलो. भिंतीत शिंपले दिसतात, ते मोजत जुई पुढे पुढे चालली होती.

गाडीत बसल्यावर तिचा पहिला प्रश्न आला, तोही बापाला. "डॅडी, नांदगावकर मीन्स व्हॉट?"

"नांदगावचे ते नांदगावकर," संदीप म्हणाला.

"विच नांदगाव?"

 महाराष्ट्रात नांदगावं पैशाला पासरी आहेत. त्याने आरशातून आईकडे पाहिलं. "आई, आपलं कुठलं गं?"

"तुझे आजोबा म्हणायचे, कोकणातलं. त्यांचे भाऊ म्हणायचे, नाशकाकडचं," आजी म्हणाली. "दोघे यावरून सहा महिने बोलत नव्हते. मी काही कुठलं पाहिलं नाही."

"यू गाइज डोन्ट नो आयदर?" जुई जवळजवळ ओरडली. कालपासून पहिल्यांदा तिचा आवाज तिच्यासारखा झाला होता. "अंकलना तर ॲटलीस्ट रजिस्टर आहे! तुमच्याकडे काहीच नाही!"

"काही नाही," संदीपने कबूल केलं. "नुसतं वापरतो आम्ही."

त्यावर ती बराच वेळ खिदळत होती. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा तिने माझ्या खांद्यावरून हात पुढे करून चिप्सचं पाकीट मागितलं. थँक यू म्हणाली नाही. मी देवाचे आभार मानले.

एकूण खर्च सांगायचा तर चौघांचा सगळा मिळून सहाशे दिरहमच्या आत झाला. दोन दिवस पुरतात. उन्हाळ्यात जाऊ नका. रास अल खैमाचं काय राहिलं मनात, तर ते डोंगर, त्या बाईने आजीला शेकायला शिकवलेले गुडघे आणि एका परक्या माणसाने आपल्या आडनावाची लाज न बाळगता सांगितलेली गोष्ट. जूनमध्ये आम्ही ठाण्याला आलो. कागदपत्रांची फाइल शाळेत जुईनेच हातात धरून नेली. सगळं छान झालं असं नाही. मधूनमधून ती अजून विचारते, 'एवढी वर्षं का नाही सांगितलंस?' आणि मी अजून नीट उत्तर देऊ शकत नाही. खोटं मात्र सांगत नाही.

पण त्या शनिवारच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. अल कुसैसच्या घरी पोचलो, मी पिशव्या रिकाम्या करत होते, कुकर लावला होता. आजी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि जुई तिच्यासमोर खाली जमिनीवर.

"आजी, मला आणलं तेव्हा तू होतीस?"

"होते की."

"यू लाइक्ड मी?"

मी स्वयंपाकघरात थबकले. आजीने पाय खाली सोडले. मग म्हणाली, "नाही. खोटं कशाला बोलू? मी तुला अकरा दिवस हातात घेतलं नाही. मला वाटायचं, कोण कुठली पोर. लांबून बघायचे आणि देवाशी जाऊन बसायचे."

मला ते माहीत होतं. अकरा दिवस मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. पण जुईला ती हे सांगेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी हात पुसत दारात आले.

"मग?" जुईने विचारलं.

"मग बाराव्या दिवशी तुझं बारसं. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. तुझ्या बाबाला बहीणच नाही. बायका म्हणाल्या, आता कोण सांगणार? कुणीच पुढे होईना. तू पाळण्यात रडत होतीस. मग मीच वाकले." आजी तशीच जरा पुढे वाकली. "कुर्रर्र केलं आणि तू गप्प झालीस. टकामका बघायला लागलीस माझ्याकडे."

"आणि मग म्हणालीस, जुई."

"कानात सांगतात ते नुसतं नाव. तेवढीच रीत आहे. पण मी सगळं सांगितलं. तीनदा. कुणाला ऐकू गेलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही."

"सगळं म्हणजे?"

"जुई संदीप नांदगावकर."

साडेदहा वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी दाराला टेकून उभी राहिले. मागे कुकरची शिट्टी झाली, कितवी ते मोजायचं राहिलं.

"व्हाय सरनेम?" जुईने विचारलं.

"तुला म्हणून नाही गं," आजी म्हणाली. "मलाच ऐकायचं होतं."

जुई उठून सोफ्यावर तिच्या शेजारी जाऊन बसली.  मग तिने कानावरचे केस मागे घेतले आणि डोकं आजीच्या तोंडाजवळ नेलं.